पाठीवरची हवा

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मी एका माणसाला शब्द दिला आणि नवऱ्याला आधी विचारलं नाही. दोन्ही गोष्टी लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोण काय बोललं यावरून वाद नको.

गोटीरामदादा सकाळी घरी आले, थेट दिंडोरीच्या पुढून इंदिरानगरला, मोटारसायकलवर, कानाला मफलर. त्यांच्या शेततळ्याचा कागद आठ वर्षांपूर्वी महेशनेच जोडला होता. आमच्या धंद्यात तळ्याच्या पोटात अंथरायच्या जाड काळ्या प्लास्टिकला कागदच म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा मखमलाबादला आईला सांगितलं, मुलगा कागद जोडतो. तिला वर्षभर वाटत होतं जावई प्रेसमध्ये आहे.

दादांचं तळं गळतंय. रोज दोन बोटं पाणी उतरतंय. महेश म्हणाला, पाणी उपसा, तळ सुकू द्या, तासाभरात जोडून देतो.

"उपसलं तर द्राक्षाच्या बागंला काय पाजू, महेशभाऊ? आता कुठं मणी धरलेत. हिरीला जानेवारीनंतर पाणी नाय. फेब्रुवारीपातुर हेच पाणी हाय माझं."

महेशने हात वर केले. ओल्या कागदावर जोड बसत नाही, हे त्याचं खरंच आहे. दादा चहाच्या कपात बघत बसले. साठीचा माणूस असा बसलेला मला बघवेना. मी म्हणाले, "पाण्याखाली चिकटणारी ठिगळं मिळतात दादा. मी उतरते."

कॉलेजात मी जिल्ह्याला पोहले होते आणि दोन वर्षांपूर्वी मालवणला डायव्हिंगचा कोर्स केला. घरात त्या सर्टिफिकेटची थट्टाच जास्त झाली. माझं वय पंचेचाळीस, उंची पाच फूट. वजन लिहीत नाही, डायरी लेकीच्या, दिशाच्या हातात पडू शकते.

बारा डिसेंबर ठरला. त्यापलीकडे थांबलो तर पाणी बागेला पुरणार नाही.

दादा गेल्यावर महेशने त्यांची कपबशी उचलून आत ठेवली. (तोंडावर मी "अहो" म्हणते, डायरीत महेश. इथे कोण ऐकतंय.) मग म्हणाला, "कागदाला तुझा पाय लागला तर?"

मी म्हटलं, "मला काही झालं तर, हे विचारायचं राहिलं तुमचं."

"तुला काय होणार आहे?" म्हणाला आणि गाडी पुसायला खाली गेला. बावीस वर्षांचा संसार.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लखन आला. मालवणला मला शिकवलं ते यानेच. मूळचा नाशिकरोडचा, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याने दोन महिने घरी आहे. पाण्यात उतरायला बंदी, बोलायला नाही. लंगडत दोन पोती घेऊन वर आला आणि सोफ्यावर सामान मांडलं.

त्याने महेशला सांगितलं ते असं. पाण्याखाली काम करणाऱ्याने ना वर यायचं ना खाली बसायचं, मधेच राहायचं. त्यासाठी पाठीवर सिलिंडरबरोबर हवेची पिशवी असते. बटण दाबलं की सिलिंडरमधली हवा पिशवीत येते, दोरी ओढली की बाहेर जाते. कमरेला शिसं बांधायचं ते बुडायला, पिशवी ती तरंगायला, आणि दोघांचं भांडण मिटलं की माणूस सुखी. एका सिलिंडरसाठी पिशवीचे दोन प्रकार त्याने आणलेत. एक जाकीट, त्यात हवा पोटाबरगड्यांभोवती भरते, खिसे असतात, पाण्यावर आल्यावर डोकं छान वर राहतं. दुसरी स्टीलची प्लेट. ती पाठीला लागते, तिला एकच लांब पट्टा आणि तिच्यामागे मेदूवड्यासारखी गोल पिशवी. तिला विंग म्हणतात.

"ताई, शिकलात तेव्हा जाकीट होतं. पण कागदावर काम करायचं तर प्लेट-विंग बघा. ती तुम्हाला आडवं ठेवेल."

महेशने फक्त एक विचारलं, "यातलं कागदाला काय कमी लागेल?"

लखनने नियमही घातला. दोर कमरेला आणि दुसरं टोक शुद्धीवर असलेल्या माणसाच्या हातात, त्याशिवाय पाण्यात पाय नाही. एक हिसका म्हणजे ठीक, तीन म्हणजे ओढा. शुद्धीवर असलेला माणूस म्हणताना तो महेशकडे बघत होता.

३० नोव्हेंबर, रविवार

पोहण्याच्या तलावावर दुपारचे दोन तास मिळाले. पोरं पाण्याबाहेर रांगेने बसून मला बघत होती.

आधी जाकीट. एल साइज पोटाला बसतं पण खांद्यावर ढगळ, एम बसतच नाही. हवा भरली तर ते कानापर्यंत वर आलं, कोणीतरी बगलेत धरून उचलल्यासारखं. पाण्यावर मात्र आरामच आराम, गप्पा मारत बसावं असा. खाली गेल्यावर माझे पाय लोंबायला लागले. पायातले फिन्स दर दोन हातांवर फरशीला घासत होते.

मग प्लेट. पट्टा मला लांब पडत होता, लखनने दोन गाठी मारल्या. पण खाली गेले आणि आडवी झाले ती झालेच. काही करावं लागलं नाही. नाकासमोर फरशी, हातात काम, पाय मागे. मला एवढं बरं वाटलं की तोंडातल्या नळीतून हसले आणि मास्कमध्ये पाणी शिरलं. वर आल्यावर खोड कळली. पिशवी जास्त भरली तर ती पाठीकडून ढकलते आणि तोंड पाण्यात जातं. दोनदा पाणी प्याले. लखन काठावरून ओरडत होता, "हवा कमी! मागे रेला, खुर्चीवर रेलतो तसं!"

शिशाचा हिशेब लखनचा. समुद्रात मला आठ किलो लागायचं. गोडं पाणी कमी उचलतं म्हणून दोन वजा. प्लेट स्वतःच जड, म्हणून आणखी अडीच वजा. उरलं साडेतीन. साडेतीनवर बरोब्बर जमलं, पाण्यात मधोमध.

महेश सगळा वेळ काठावर पोटावर झोपून मोजत होता. जाकीट घातलं तेव्हा माझा पाय फरशीला अकरा वेळा लागला, प्लेट घातली तेव्हा दोन. हातावर पेनाने लिहून घेतलं होतं त्याने. मी कशी दिसत होते ते नाही बोलला.

१ डिसेंबर, सोमवार

महेशचा पक्ष बदलला. रात्री प्लेटच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग कागदाचा तुकडा आणून त्यावर कोपरा घासून दाखवला. पांढरी रेघ उठली.

"तळ्यातून वर येताना तू उतारावर टेकणार. टेकलीस की ही कड आमच्या कागदात."

"आमच्या?"

"दादांच्या."

तो म्हणतो जाकीट. मी म्हणते, जाकीट म्हणजे अकरा वेळा पाय. तो म्हणतो, पायाला मोजे घालू. मी म्हणते, मग पोटालाही पोतं गुंडाळा. जेवण होईपर्यंत हेच. शेवटी मी म्हटलं, प्लेटच घालणार, कड तुम्ही झाका, कागदाची कामं तुम्हाला येतात. त्यावर तो गप्प झाला. त्याला काम दिलं की तो गप्प होतो, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळायला हवं होतं.

३ डिसेंबर, बुधवार

जुन्या नाशकात मुबीनच्या दुकानात गेलो. गाडीची सीटकव्हरं आणि शाळेची दप्तरं शिवतो, हात पक्का. पट्टा माझ्या मापाला आणायचा होता. मुबीनने पट्टा हातात घेऊन ओढून बघितला. "भाभी, हा तर ट्रकच्या ताडपत्रीला लागतो त्यापेक्षा भारी आहे. कापू? पुन्हा जोडला तर ती मजबुती नाय राहणार, आधीच सांगतो."

माप घ्यायची वेळ आली तसा तो टेप हातात धरून उभाच राहिला. मागच्या खोलीतून त्याची अम्मी आली, गुलजारबी. टेप त्याच्या हातातून घेतला, मला दोनदा फिरवून पाहिलं. "मर्दाच्या मापाचं बाईला कसं बसेल? खांद्यावरून सरळ आणलं तर तिने छाती कुठे ठेवायची? जरा बाजूने घे." महेश रस्त्यावरची वाहतूक फार लक्ष देऊन बघायला लागला.

पट्टा आता असा बसलाय की वाकले, हात वर केले तरी जागचा हलत नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या मापाचं आहे. गुलजारबीने विचारलं, "पाण्यात भीती नाय वाटत?" मी नाही म्हटलं. खरं म्हणजे वाटते. पण ती पाण्याची नाही. माझ्यामुळे दादांचं तळं आणखी फाटलं तर, याची आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

महेशने प्लेटला गादी केली. दोन दिवस गॅलरीत कागद जोडायचं मशीन लावून बसला होता. कागदाचे दोन पदर, मधे दोन बोटं जाडीचा मऊ फोम, प्लेटच्या कडेपेक्षा चारी बाजूंनी बाहेर. पट्टा जायच्या प्रत्येक चिरेभोवती वेगळा जोड. फोमला पाणी लागलं तर कुजेल, म्हणून सगळं बंद.

मोठ्या टपात दाबून धरली. एक बुडबुडा आला नाही. त्याने पाच मिनिटं धरून ठेवली, घड्याळ लावून, टप डचमळत होता आणि हा दोन्ही हातांनी जोर लावून हसत होता. "बघ. थेंब जायचा नाही आत." मी पाहिलेलं त्याचं सगळ्यात सुबक काम. तळ्याचा कागद तो शेतकऱ्यासाठी जोडतो, ही गादी माझ्यासाठी होती, म्हणून मी उगाच तिच्यावरून हात फिरवत राहिले.

७ डिसेंबर, रविवार

वाईट दिवस.

तलावावर गेलो, लखन नव्हता. सुरगाण्याला मित्राच्या लग्नाला गेलाय, फोन लागत नाही. नवा पट्टा, नवी गादी, साडेतीन किलो शिसं, आणि मी बुडेना! पिशवीतली हवा पूर्ण काढली, श्वास सोडला, तरी बुचासारखी वर. पोरांना फार मजा आली. एकाने विचारलं, "काकू, आत जायचं तिकीट नाही का मिळालं?"

कारण उघड आहे. पंधरवड्यात डिंकाचे लाडू किती झाले ते मी मोजलेले नाहीत, पण डबा अर्ध्यावर आलाय. चरबी तरंगते. लखननेच शिकवलंय.

मखमलाबादला जाऊन आईच्या भाजीच्या गाड्यावरची लोखंडी मापं आणली, दोन किलोचं एक, एक किलोचं एक. परत येऊन बांधली. एकूण साडेसहा किलोंवर एकदाची बुडाले. महेशने मापांचे कोपरे बघितले आणि घरी आल्या आल्या त्यांना माझे जुने लोकरी मोजे चढवले. लाडू त्याच्या डब्यात भरले. तो म्हणाला, तुझ्यासाठी केलेत आईंनी, तू खा. मी म्हटलं, नको, गोटीरामदादांच्या बागेचा प्रश्न आहे.

८ डिसेंबर, सोमवार

काट्यावर उभी राहिले. वजन गेल्या महिन्यात होतं तेवढंच. काटा बिघडलाय.

११ डिसेंबर, गुरुवार

गोटीरामदादांचा फोन, आता दिवसाला तीन बोटं. मागे मार्गशीर्षातल्या गुरुवारची आरती ऐकू येत होती.

लखनचाही फोन लागला, तुटक तुटक. मी सांगितलं, शिसं तीन किलो जास्त लागतंय.

"तीन? ताई, दहा दिवसांत काय बदललं?"

"काही नाही रे. मीच."

तो काहीतरी म्हणत होता, आधी कमी खोलीवर बघा, आणि फोन गेला. तीन किलो म्हणजे काय फार नाही. उद्या सात वाजता निघायचं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हात दुखतोय, पण आजच लिहिलं पाहिजे.

तळं चांगलं मोठं, कडेने उतार, मधे साडेपाच मीटर खोल. पाणी हिरवट, कागदावर शेवाळ. दादांच्या मालकीणबाई, कलाबाई, नारळ, हळदकुंकू आणि तांब्याभर दूध घेऊन आल्या. पाण्याची पूजा केली. अर्धं दूध मी मागून घेतलं. भोक शोधायला दूध बरं. सिरिंजमधून कागदाजवळ सोडायचं, जिथे पाणी आत ओढलं जातं तिथे पांढरी रेघ वळते. कलाबाई म्हणाल्या, "घ्या की. जळदेवतेचं तुमच्याच हातानं जाऊंद्या."

दोर महेशच्या हातात. शिडी सोडून उतरले. खाली हातभर अंतरापलीकडे दिसत नव्हतं. जसजशी खाली गेले तसतशी जड व्हायला लागले, पिशवीत दोनदा हवा घेतली, मग जमलं. नैऋत्य कोपऱ्यात, उताराच्या पायथ्याशी, तिसऱ्या सिरिंजला दुधाची रेघ वळली आणि नाहीशी झाली. खालून दगडाने उचललेला कागद, त्यावर बोटभर चीर. मला तिथे किंचाळावंसं वाटलं. पायाखाली अर्धा हात पाणी, मी आडवी, कागदाला काही लागत नाही. कमरेच्या बटव्यातून ठिगळ काढलं.

आणि मानेमागे काहीतरी फट् झालं. बुडबुड्यांचा लोट कानाजवळून वर गेला आणि कोणी मापं वाढवावीत तशी मी खाली बसले. दोन्ही गुडघे कागदावर. घाबरले. बटण दाबलं ते दाबूनच धरलं. पिशवी गच्च भरली आणि मी वर सुटले. "श्वास रोखायचा नाही, सोडत राहायचं", लखनचं एवढं एकच वाक्य डोक्यात होतं, आ करून सोडत सोडत वर आले. वर आले तशी पिशवीने मागून ढकललं आणि तोंड पाण्यात.

महेशने काठावरून काय पाहिलं? बुडबुड्यांचा उसळता लोट आणि मग पालथी मी. दोर ओढायचा होता त्याने. दोर सोडून हा माणूस उतारावरून धावत आला. बुटांसकट! बावीस वर्षांत कोणा मजुराला चपलेने कागदावर पाय ठेवू दिला नाही, शेतकऱ्यांच्या पाहुण्यांना हाकललंय. शेवाळावर पाय गेला आणि तो सरळ पाण्यात. महेशला पोहता येत नाही.

मी तोवर मागे रेलले होते, श्वास येत होता. समोर त्याचे हात दिसले. मी त्याला नावाने हाक मारली, गोटीरामदादांच्या देखत. पोहत गेले, तोंडावर थप्पड बसली, पण त्याचा हात धरून माझ्या खांद्याच्या पट्ट्यात अडकवला. "हलू नका. धरून राहा." आणि आम्ही तरंगलो, दोघंही. साडेसहा किलो वजन माझ्या कमरेला, वर हा बूट घातलेला पंचाहत्तर किलोंचा माणूस, पण विंगने दोघांची डोकी पाण्याबाहेर धरली. दादांनी ट्यूब बांधलेला दोर फेकला आणि आम्हाला शिडीकडे ओढून घेतलं.

वर आल्यावर महेश पहिलं वाक्य काय बोलला असेल? काही नाही. घोंगडीत बसून माझ्या हाताची बोटं मोजत असल्यासारखा एकेक दाबत होता. डोळे लाल झाले होते, शेवाळ गेलं असणार. मी मात्र बोलले. म्हटलं, बूट घालून कागदावर कोण जातं हो?

कलाबाई माझं सामान उन्हात ठेवत होत्या. त्यांनी गादी उचलली, हलवली. आत पाणी खळखळलं. वरचा कोपरा उसवला होता. त्यांनी गादी खालून वर दाबून पाहिली आणि उरलेली हवा फुसकन निघाली.

"ताई, ह्यो तर डबा हाय. माझा भाऊ पवायला शिकला तवा आमी त्याच्या पाठीला असाच त्येलाचा रिकामा डबा बांधला व्हता, झाकण मेण लावून. बुडू नये म्हणून. तुमी डबा बांधून बुडायला निघालात व्हय?"

 मग मलाच हसू फुटलं, आणि थांबेना. तीन किलो माझे नव्हते! डिंकाच्या लाडवांची काही चूक नव्हती. मी फोमभर हवा पाठीवर बांधून, तिला बुडवायला लोखंड कमरेला बांधून फिरत होते, आणि हवा गेल्यावर लोखंड तेवढं उरलं.

महेश हसला नाही. उसवलेल्या कोपऱ्याकडे बघत होता. मग उठून अनवाणी उतारावर गेला आणि स्वतःच्या बुटांचे ठसे हाताने चाचपत राहिला. कागद शाबूत होता.

१३ डिसेंबर, शनिवार

लखन संध्याकाळी आला, सगळं ऐकलं आणि आधी मला झापलं. मापं सोडून का नाही दिली?

"खाली कागद होता."

"कागद दुसरा मिळतो, ताई." मग महेशला म्हणाला, "आणि दोर सोडून पळायचं नसतं, दादा." महेशने मान हलवली.

लखनचं मत, गादी काढून टाका, नुसती प्लेट घाला, नाहीतर जाकीट घाला, उद्या पुन्हा उतरायचंय, तेवढा दिवस निभावून न्या. त्याने चाकू काढला. महेश म्हणाला, थांब. आतून स्वतःची कागद कापायची वाकडी सुरी आणली. गादी मांडीवर घेतली. उसवलेला कोपरा आता पुन्हा जोडेल असं मला वाटलं. त्याने फोम ओढून काढला आणि स्वतःच्या जोडांवर, त्या सरळ सुंदर रेषांवर, वर चार आणि खाली चार भोकं पाडली. कागद तो रोज कापतो, पण एकदा जोडलेलं कापताना मी त्याला पाहिलं नव्हतं. प्रत्येक भोकाला मधे थांबत होता.

"पाणी आत येऊ दे," म्हणाला. "आत आलं तर ते तुला उचलणार नाही आणि सोडणारही नाही."

मग टपात बुडवली. भराभरा बुडबुडे आले आणि थांबले. त्याने गादी आडवी, उभी, तिरकी करून पाहिली, एकही अडकून राहिला नाही. लखनने पाठीवर थाप मारली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. रडू आलं, का ते कळलं नाही. दमणूक असेल.

१४ डिसेंबर, रविवार

साडेतीन किलो. मापं आईला परत.

लखन काठावर खुर्चीत, कलाबाईंचा भाचा ट्यूब घेऊन पाण्याजवळ, महेशच्या हातात दोर. त्याने दोर मनगटाला दोन वेढे मारून घेतला होता. उतरण्याआधी मी पाण्यावर पाच मिनिटं तपासलं, मग एक मीटरवर पाच मिनिटं, लखनने घड्याळ धरलं.

खाली गेले, आडवी झाले, तशीच राहिले. चीर सापडायला चार मिनिटं लागली. तिच्याभोवतीचं शेवाळ स्पंजने पुसलं, ठिगळ ठेवलं, मधून कडेकडे रोलर फिरवला, महेशने गच्चीवर दहा वेळा करून घेतलं होतं तसं. वरून एक मोठं ठिगळ. मग दूध सोडलं. पांढरा ढग तिथेच तरंगत राहिला, कुठे गेला नाही. मी त्याच्याकडे बघत होते आणि दोराला एक हिसका आला, ठीक आहे ना विचारणारा. मी एक हिसका दिला. लगेच पुन्हा एक आला. पुन्हा दिला. वर येईपर्यंत त्याने हे नऊ वेळा केलं. काम कसं करायचं माणसाने.

कलाबाईंनी जेवायला बसवलं. मांडे नव्हते पण आग्रह मांड्यांचा होता. लाडूही होते. खाल्ले.

१८ डिसेंबर, गुरुवार

दादांचा फोन. चार दिवसांत पाणी उतरलं ते फक्त बागेला दिलं तेवढंच. "मणी फुगाय लागलेत, ताई. पहिली पेटी तुमच्या दारात."

लखनला विचारायचं होतं की सामानातलं काय ठेवून घेऊ. त्याआधीच त्याचा मेसेज आला होता, जाकीट न्यायला रविवारी येतो, दादांनी (म्हणजे महेशने) सांगितलंय. मी महेशला विचारलं, तुम्ही कधी सांगितलं? म्हणाला, "परवा. तुला प्लेटच बसते. आणि दोघांना पेलते." पेपर उघडून बसला.

मग दुपारी त्याचा फोन वाजला. कळवणकडचे कोणी डाळिंबवाले, गोटीरामदादांनी नंबर दिलेला, त्यांचंही तळं भरलेलं आणि गळतंय. महेशने खोली विचारली, कागद किती जुना ते विचारलं. बावीस वर्षं मी त्याला असे फोन घेताना ऐकलंय. "बघतो, कळवतो" हे त्याचं ठरलेलं उत्तर, मग दोन दिवस विचार.

आज म्हणाला, "नाही हो, पाण्यातलं काम मी नाही करत. ते आमच्या मॅडम करतात. मी दोर धरतो. थांबा, देतो त्यांना."

आणि फोन माझ्यापुढे धरला. माझे हात कणकेचे होते. मी तसाच घेतला. पलीकडचा माणूस "नमस्कार मॅडम" म्हणाला. इतका आनंद झाला की तो लपवायला मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं. मंगळवार मोकळा होता, मंगळवार दिला.